तुम्ही विचारलेत म्हणून : व्यायामाने वृद्धाश्रमातले मन रमते का?

लातूर जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून व्यायाम घेते, हे कळले की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "या वयात हातपाय हलवून त्यांच्या मनाला खरेच बरे वाटते का?" तुम्हीही तोच विचारलात. बरे वाटते, मात्र लोक समजतात त्या कारणाने नव्हे.

खुर्च्या मांडून, भजन लावून सगळ्यांकडून हात वर-खाली करून घेतले की उदासी जाते, हा समज मोठा सोयीचा आहे. इंग्लंडमधील ७८ वृद्धनिवासांत झालेल्या 'ओपेरा' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आठवड्यातून दोनदा सामूहिक व्यायाम घेऊनही रहिवाशांचे नैराश्य कमी झाले नाही. आमच्या क्षेत्रात हे फारसे कोणी आवडीने सांगत नाही. मला ते पटते, कारण आणून सोडल्यावर ज्यांचा मुलगा दिवाळीलाही फिरकला नाही, त्यांचे दुःख खांदे फिरवून कसे सरावे?

पायांतील ताकदीची गोष्ट वेगळी आहे. बॉस्टनमध्ये सरासरी ८७ वर्षांच्या अशक्त रहिवाशांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे वजनाचे व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली होती. ताकद आली की माणसाचे परावलंबन घटते, आणि मनाला उभारी येते ती तिथून.

आमच्या एका आजींचा जन्म खुरपणीत गेला. "जलमभर कष्टच केले की, आता आनखी कसली कसरत?" असे त्या मला ऐकवत, आणि त्यांचे काही चूक नव्हते. रात्री लघवीला उठण्यासाठी त्यांना मावशींना हाक मारावी लागे. मावशी कुरकुरत, म्हणून आजी दिवस मावळल्यावर पाण्याला शिवतच नसत, तेही आमच्याकडच्या वैशाखात. मी त्यांच्याकडून एवढेच करून घेतले : खुर्चीच्या कडेशी यायचे, पावले मागे घ्यायची, पुढे झुकून हात न टेकता उठायचे आणि धप्पकन न बसता सावकाश बसायचे. पुढे गुडघ्यांनी साथ दिली, तशा त्या उशाशी तांब्या भरून ठेवू लागल्या. "आता कुनाला हाक मारायचं काम न्हाई, बाई," असे त्यांनी सांगितले तेव्हा त्या व्यायामाबद्दल बोलतच नव्हत्या.

म्हणून नवीन माणूस आला की मी आधी विचारते, कोणते काम पुन्हा आपले आपण करावेसे वाटते? व्यायाम त्यावरून ठरतो. ज्यांना काहीच करावेसे वाटत नाही, जेवण सुटले आहे, झोप उडाली आहे, त्यांना मी डॉक्टरांना दाखवायला लावते. नातेवाइकांना 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही देते, कारण तिथे मराठीत बोलता येते.