अजगराला किती दिवसांनी खायला घालावे : एका रकान्याने शिकवलेला हिशोब

‘दिवसातून किती वेळा जेवतो?’ हा प्रश्न कुत्र्यामांजरांच्या बाबतीत अगदी साधा असेल, परंतु माझ्या घरातील बॉल पायथनच्या बाबतीत त्या प्रश्नापुढे पडलेल्या एका आकड्याने २०२५ सालचे माझे पहिले अडीच महिने खाल्ले, आणि अजगराने मात्र त्या काळात काहीच खाल्ले नाही. हा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. आमचा लाडू हा नर बॉल पायथन आहे. तो घाबरला की स्वतःचीच गुंडाळी करून डोके आत दडवतो, त्यावरून हे नाव पडले. तो आपल्याकडचा अजगर नव्हे. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे. येऊरच्या जंगलाच्या बाजूने एखादा सोसायटीच्या आवारात आलाच, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्याच्यापासून दूर राहावे. लाडूची जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील आहे, आणि असे विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सगळे मला त्याचीच भीती घालत होते, परंतु ती नोंदणी कोणतीही अडचण न येता झाली, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पिल्लू घरी आले तेव्हा ते नव्वद ग्रॅमचे होते. ज्यांच्याकडून ते घेतले त्यांनी ‘दर पाच दिवसांनी खायला घाला, मोठा झाल्यावरही तेच चालू ठेवा’ असे सांगितले होते. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग ठीक होता. लहान पिल्लांना पाच ते सात दिवसांनी, त्यांच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के एवढे भक्ष्य देणे योग्यच असते. दुसरा अर्धा भाग मी दीड वर्ष पाळला आणि लाडू खरोखरच लाडवासारखा झाला. निरोगी बॉल पायथनच्या अंगाचा आडवा छेद काहीसा त्रिकोणी असतो, कडा गोलसर आणि पाठीचा कणा किंचित जाणवणारा. लाडूचे अंग नळीसारखे गोल झाले होते आणि तो स्वस्थ पडलेला असतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसत असे. त्यानंतर मी वही घातली आणि दिवसांऐवजी वजनावरून अंतर ठरवू लागलो. वजन पाचशे ग्रॅम होईपर्यंत सात ते दहा दिवस, त्यानंतर चौदा ते वीस दिवस, आणि पूर्ण वाढ झाल्यावर तीन ते चार आठवडे, असा तो हिशोब आहे. भक्ष्याचे वजनही त्याच वेळी कमी करत न्यावे लागते. मोठ्या अजगराला त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास पुरते. म्हणजे दीड किलोच्या लाडूला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमचा एक उंदीर पुरेसा आहे. काट्यावर तोलायचे नसेल, तर अजगराच्या अंगाचा सर्वांत जाड भाग पाहून तेवढ्याच जाडीचा उंदीर निवडावा.

आता त्या रकान्याकडे येतो.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी लाडूने नेहमीप्रमाणे उंदीर घेतला. त्या दिवशी खाण्यापूर्वीचे त्याचे वजन १,४८० ग्रॅम होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मी दुसरा उंदीर पुढे धरला, तेव्हा त्याने जीभ दोनदा बाहेर काढली, मान आखडून घेतली आणि तो हाइडमध्ये, म्हणजे त्याच्या लपायच्या खोक्यात, परत गेला. दहा दिवसांनी पुन्हा तेच घडले, आणि नाताळातही तेच. बॉल पायथनचे नर हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपवास करतात, हे मी वाचलेले होते. परंतु वाचणे निराळे आणि रात्री अकरा वाजता हातात गरम केलेला मेलेला उंदीर घेऊन उभे राहणे निराळे. नऊ आठवडे झाले. वजन १,४२५ भरत होते, म्हणजे घट चार टक्क्यांहूनही कमी होती. वजनात दहा टक्क्यांची घट होईपर्यंत, प्राणी एरवी तरतरीत असेल तर, घाबरू नये असा साधारण संकेत आहे. मी घाबरलो. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लाडूला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याला गाठ मारून, भोके पाडलेल्या डब्यात ठेवून मी शहरातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

तेथे आधी संगणकावर अर्ज भरावा लागत होता आणि तो स्वागतकक्षातल्या ताई भरून घेत होत्या. प्राण्याचा प्रकार कुत्रा, मांजर, पक्षी, इतर. ‘इतर’ झाले. लसीकरण, नसबंदी, गळपट्ट्याचा क्रमांक हे रकाने त्यांनी रिकामे सोडले. मग ‘दिवसातून किती वेळा जेवतो’ हा रकाना आला आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. मी म्हणालो, तीन आठवड्यांतून एकदा. त्यांनी मान वर करून पाहिले.

“सर, दिवसाचं सांगा.”

“दिवसाचं शून्य.”

त्यांनी शून्य टाकले. पडद्यावर लाल चौकट आली. त्यांनी ‘तीन आठवडे’ असे अक्षरांत लिहून पाहिले, तेही चालले नाही. मी दशांश अपूर्णांक सुचवला, त्याचाही काही उपयोग झाला नाही. माझ्या मागे एक लॅब्रेडॉर आणि त्याचे कुटुंब उभे होते आणि त्यांचा धीर सुटत चालला होता.

“एक टाकू का? पुढे जाऊ दे फक्त. डॉक्टरांना आत सांगा तुम्ही.”

मी ‘टाका’ म्हणालो. या संपूर्ण प्रकरणात माझी स्वतःची अशी चूक कोणती, असे कोणी विचारले तर ती हीच.

साडेपाचला गेलेलो मी आत पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तीन तास कुत्र्यांच्या भुंकण्यात आणि एसीच्या गारव्यात डबा मांडीवर धरून बसल्यावर लाडूची गुंडाळी एवढी घट्ट झाली होती की त्याचे डोके शोधावे लागले. डॉक्टरांनी प्राण्याकडे पाहण्याआधी पडद्याकडे पाहिले. तेथे लिहिले होते, जेवण दिवसातून १ वेळा, शेवटचे जेवण ६३ दिवसांपूर्वी. त्यांच्या दृष्टीने त्रेसष्ट जेवणे चुकलेला प्राणी समोर होता. वास्तविक तीन आठवड्यांच्या हिशोबाने फार तर तीन जेवणे चुकली होती. मी ते सांगायला सुरुवात केली, परंतु बाहेर अजून सात-आठ जण थांबलेले होते आणि माझे वाक्य लांब होते. “आजच भरवलेलं बरं,” असे ते म्हणाले, आणि नऊ आठवड्यांची धास्ती मनात असल्यामुळे मलाही त्या क्षणी कोणीतरी काहीतरी करावे असेच वाटत होते. मी लाडूचे अंग धरले, त्यांनी जबडा उघडून नळीने पातळ आहार पोटात सोडला, आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो. रिक्षात मला चक्क हलके वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाडू ज्यात राहतो त्या टबमध्ये आंबूस वास भरला होता आणि सगळे कागदावर बाहेर पडलेले होते.

ज्यांच्याकडे अजगर आहे त्यांनी पुढचे वाक्य लक्षात ठेवावे. अजगराने खाल्लेले उलटून पडले, तर लगेच पुन्हा खायला देऊ नये. किमान दोन आठवडे पोटाला विश्रांती द्यावी, पाणी मात्र सतत ठेवावे, आणि त्यानंतरचे पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे असावे. अजगराचे पोट दोन जेवणांच्या मधल्या काळात जवळजवळ मिटलेले असते आणि भक्ष्य आत गेले की आतडी, यकृत यांसारखे अवयव वाढून कामाला लागतात. बर्मी अजगरावर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जेवणानंतर ४८ तासांच्या आत हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान चाळीस टक्क्यांनी वाढलेले आढळले होते. प्रत्येक जेवणासाठी शरीरात एवढी जुळवाजुळव करणाऱ्या प्राण्याला, त्याची तयारी नसताना, रांग पुढे सरकावी म्हणून जेवू घातले गेले, याचा मला आजही संताप येतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वजन १,३५० वर आले. दहा टक्क्यांची रेषा १,३३२ वर होती.

त्यानंतर मी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या, नवी मुंबईतील एका पशुवैद्यांकडे गेलो. त्यांच्याकडे अर्ज नव्हता. त्यांनी वही मागितली, लाडूचे तोंड आणि श्वास तपासला, आणि टबाच्या उबदार बाजूचे तापमान विचारले. मी ‘बत्तीस अंश’ असे उत्तर दिले, कारण ऊब आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर तसे दिसत होते. “घरी जाऊन प्रत्यक्ष मोजा,” असे त्यांनी सांगितले. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले तेव्हा सत्तावीस निघाले. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार चिकटपट्टी सुटून थेट हीट मॅटच्या, म्हणजे टबाखालच्या विजेवर तापणाऱ्या चटईच्या, पृष्ठभागावर जाऊन बसली होती. मॅट बत्तीसला पोहोचली की यंत्र बंद होत होते आणि वर अजगर जेथे बसतो तेथे ऊब पोहोचतच नव्हती. ठाण्यात थंडी ती कसली, असे आपण म्हणतो, परंतु जानेवारीच्या रात्री खिडकीजवळची खोली सापासाठी पुरेशी गार होते. उबेवाचून अजगराला भक्ष्य पचत नाही, आणि पचणार नसेल तेव्हा तो बहुधा तोंडच लावत नाही. लाडूचा उपवास हिवाळ्यामुळे होता की त्या तारेमुळे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही; बहुधा दोन्हींमुळे असावा.

तार पुन्हा बसवली, उबदार बाजू बत्तीसच्या आसपास आणि गार बाजू सव्वीसवर आणली, टबाच्या तीन बाजूंना पुठ्ठा लावला आणि दोन आठवडे त्याला हातही लावला नाही. त्यानंतर दर दहा दिवसांनी एक प्रयत्न, त्याहून अधिक नाही, असे ठरवले. नाताळानंतर मी दर तिसऱ्या दिवशी उंदीर नाचवत होतो आणि तेही त्याला त्रासदायक होत असणार. २१ मार्च रोजी, एकोणीस आठवड्यांनंतर, रात्री पावणेबाराला मी तीस-पस्तीस ग्रॅमचा उंदीर लांब चिमट्याने हाइडच्या दाराशी धरला. लाडूचे डोके हळूहळू बाहेर आले, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली आणि मग चिमट्याला असा हिसका बसला की मीच मागे सरकलो. मी खोलीतला दिवा बंद करून बाहेर आलो आणि आईला उठवून सांगितले. ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा झोपली.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. उंदीर गोठवलेला आणावा. जिवंत उंदीर अजगराला चावतो आणि त्या जखमा चिघळतात. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळवावा, नंतर झिपलॉक पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा; मायक्रोवेव्हमध्ये कधीही घालू नये. या अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे उंदराचे डोके हाताला स्पष्ट कोमट लागले पाहिजे. आमच्या घरी मटाराच्या पिशवीशेजारी उंदीर ठेवण्यावरून आईने जी भूमिका घेतली तिला तोड नव्हती, म्हणून गॅलरीत एक जुना छोटा फ्रीज आला. डोळे दुधाळ दिसू लागले की अजगर कात टाकणार असे समजावे आणि तेवढे दिवस खायला देऊ नये. खाल्ल्यानंतर ४८ तास त्याला उचलू नये. वजन नेहमी खाण्यापूर्वी करावे, आणि विष्ठेनंतर काटा एकदम खाली आला तरी दचकू नये.

एप्रिलमध्ये त्या दवाखान्यात जाऊन मी नोंद दुरुस्त करण्याची विनंती केली. ताईंनी मनापासून प्रयत्न केला, परंतु रकान्याने शून्य याही वेळी स्वीकारले नाही, त्यामुळे तेथे लाडू अजूनही दिवसातून एकदा जेवतो. माझ्या वहीत मागच्या जेवणाला आज बावीस दिवस झाले आहेत, वजन १,५१० भरले आहे आणि उद्याचा उंदीर मी खालच्या कप्प्यात काढून ठेवला आहे.