आज उडलोच नाही, तरी दमलोय

सकाळी पाचला उठून दादाबरोबर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघायचं होतं, छोट्या सेसना १७२ मधून, इन्स्ट्रुमेंट फ्लाइट प्लॅनवर, म्हणजे बाहेर दिसलं नाही तरी विमानातल्या उपकरणांच्या काट्यांवर उडायचं. मी आपला मागच्या सीटवर फोटो काढायला. रात्री फोंड्याच्या घरी टेबलवर चार्ट पसरून दादाचं चाललेलं आणि मी चहा करतोय. मला वाटायचं नकाशावर रेघ मारली की झालं, पण तो माणूस आधी विचारतो की उतरता नाही आलं तर कुठे जायचं. बेळगाव पर्याय, तर मध्ये सह्याद्री, त्यामुळे किमान उंची किती ते बघ, बेळगावची धावपट्टीच सुमारे २,५०० फुटांवर. मग इंधन: ठिकाणापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत, आणि वर ४५ मिनिटं शिल्लक. तेवढं भरलं की वजन वाढतं, म्हणून माझी बॅग उतरवली, शंकरपाळ्यांसकट!!

सगळ्यात भारी वाटलं ते ढगात शिरल्यावरचं. कानातला तोल खोटं बोलतो म्हणे, हळू वळलो तर वळतोय हेच कळत नाही, विमान सरळ आहे असं वाटतं आणि ते भलतीकडेच चाललेलं असतं. म्हणून डोळे फक्त काट्यांवर, पोटात काय वाटतंय ते सोडून द्यायचं.

सकाळी मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, बघितला तर गडगडाटी ढग. विमानात वेदर रडार नाही, ढगाच्या पोटात काय लपलंय ते दिसणारच नाही. दादाने दोन मिनिटांत रद्द केलं, चेहरा पण पाडला नाही. मी जास्त रुसलो. मग म्हापशात जाऊन पाव-भाजी खाल्ली, शंकरपाळ्या गाडीतच संपल्या.