सरासरी वेग ४

जानेवारीतली गोष्ट. वडाळ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सकाळीच एक डिझेल गाडी आली. बॉनेटवर दसऱ्याच्या पूजेचं पुसट कुंकू, बंपरला वाळलेली लिंबू-मिरची, सीटवरचं प्लास्टिक जसंच्या तसं. मीटरवर २१२ किलोमीटर. तक्रार एकच : डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलाय, विझत नाही.

"नवीकोरी आहे हो. चाळीसच्या वर नेलीच नाही अजून," काका म्हणाले. गिरगावातले, बँकेतून निवृत्त. काकू मागे बसलेल्या.

इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं वर. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "म्हणजे तुमच्या लोकांनी जास्त भरलंय!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग डिपस्टिक नाकाशी नेली. डिझेलचा वास.

डॅशबोर्डची बटणं दाबत गेलो आणि डिलिव्हरीपासूनच्या सरासरी वेगावर थांबलो : ताशी ४ किलोमीटर. मुंबईचा ट्रॅफिक कितीही वाईट असला तरी एवढा नाही. गाडी चालवता की नुसती चालू ठेवता, असं विचारलं.

"रोज सकाळी सातला अर्धा तास. सोसायटीतच. रनिंग-इन नको का करायला?"

रनिंग-इन म्हणजे नवं इंजिन रुळवणं. मला हसू आलं, पण चूक सगळी त्यांची नव्हती. काकांकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. तिचं इंजिन बोअर केलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून नव्याने कातले, की मेकॅनिक बजावायचा, हजार किलोमीटर चाळीसच्या आत. चोक ओढून सकाळी गरम करायची सवय तेव्हाचीच. तेवढं त्यांनी जपून ठेवलं होतं आणि नव्या गाडीला दुप्पट लावलं. आठवड्यातून दोनदा भाजीला नेणाऱ्या माणसाच्या गळ्यात डिझेल गाडी कुणी मारली, ते आमच्या शोरूमवाल्यांना विचारायला हवं.

झालं असं होतं. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या, डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून ती काजळी जाळतं, पण त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. काकांची गाडी जाळायला सुरुवात करायची आणि भाजीवाल्याशी बंद व्हायची. जळायचं राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. फिल्टर भरलेलाच, म्हणून दिवा.

शिवाय पिस्टनच्या रिंगाही नीट बसलेल्या नसणार. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरकस जाळी कोरलेली असते. इंजिनावर भार आला की वायूचा दाब रिंगांना त्या जाळीवर दाबतो, दोन्ही एकमेकांना घासून जुळतात. जागेवर फुरफुरत ठेवलं तर तो दाबच येत नाही, आणि भिंत मात्र गुळगुळीत होत जाते. पहिल्या सर्व्हिसला का आला नाहीत, तर म्हणे हजार किलोमीटर कुठे झालेत! "किंवा एक महिना" हे शब्द पुस्तिकेत होते.

ऑइल आणि ऑइलचा फिल्टर बदलला. मग काका-काकूंना बसवून मीच ईस्टर्न फ्रीवेला लागलो. चौथ्या गिअरमध्ये पंधराशे ते अडीच हजार आरपीएम, कधी पाय दाबायचा, कधी पूर्ण सोडून गाडी गिअरवर हळू होऊ द्यायची. एकाच वेगावर रेंगाळायचं नाही, पण तळापर्यंत दाबायचंही नाही. सत्तरला काकांनी दाराचं हँडल पकडलं. "अहो, नवी आहे!"

"म्हणूनच, काका."

ऑरेंज गेटला वळून परत निघालो. शिवडीच्या आसपास दिवा विझला. काका मीटरकडे बघत राहिले. मागून काकू म्हणाल्या, "हे प्लास्टिक पाठीला चिकटतंय," आणि त्यांनी एक कोपरा टर्रकन फाडला. काका काही बोलले नाहीत.

निघताना त्यांना सांगितलं, आता सावंतवाडीला गावी जाऊन या, वाटेतले घाट हिच्यासाठी उत्तम. जागेवर चालू मात्र ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "आज मग काय करू?"

"काकूंना घेऊन कोस्टल रोडने वरळीला जाऊन या."

पलीकडे जरा शांतता. "आत्ताच कव्हर घालून वर आलोय हो."