तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी सोडून कंब्रियाचे शब्द कशाला?

लंडनला मंडळाच्या गणपतीत असो की पुण्यात कुणाच्या लग्नात, प्रश्न ठरलेला. ‘तू तिकडच्या शेतकऱ्यांचे शब्द वहीत उतरवतेस म्हणे? आपले शब्द मरायला टेकलेत, त्यांचं काय?’ आव असा, की मी माहेरचं सोनं मोडून सासरी पितळ घेतलंय.

तर ऐका. ही हौस नव्हती. कंब्रिया म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा डोंगराळ भाग, आणि मी तिथली डिस्ट्रिक्ट नर्स, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी. डोंगरात एकाच पोस्टकोडात लांबलांबची घरं येतात आणि तेव्हा गाडीत रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह नव्हता. फोनवर पत्ता मिळायचा तो असा: लॉनिंग धरून वर ये, बेक ओलांड, इंटेकच्या भिंतीला हॉग-होल दिसेल, तिथून डावीकडे. लॉनिंग म्हणजे पाणंद. बेक म्हणजे ओढा. नॉर्थम्बरलंडात तोच बर्न होतो, दक्षिणेत ब्रुक. इंटेक म्हणजे उघड्या डोंगरातून गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, घालून आत घेतलेली जमीन, आणि हॉग-होल म्हणजे त्या गडग्यात मेंढरू जाईल एवढी ठेवलेली वाट. सशापुरतं भोक असेल तर स्मूट. हे न कळता पेशंटच्या दारात पोचून दाखवा.

आणि ‘आपले शब्द’ म्हणता, ते माझे होते कधी? मी सहकारनगरात वाढले. ओढा म्हणजे आंबिल ओढा, नाकाला रुमाल लावून ओलांडायचा. पाणंद, गडगा, वहाळ हे मी इकडे आल्यावर कोकणातल्या मावशीला फोन करकरून मिळवले, इथल्या शब्दांना जोड हवी म्हणून. मंडळात हे सांगितलं की लोक विषय बदलतात.

बरं, थोडी मिरवायचेही, नाही कशाला म्हणू? लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टननी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवून, बहुतेक म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून, असे शब्द टिपून घेतले. मी त्याच पंगतीतली, असं मनात असायचं. शब्द वहीत उतरला की वाचला!

मग २००१ साली लाळ्या-खुरकूत आली. साथ रोखायला देशात ६० लाखांहून जास्त जनावरं मारली आणि सगळ्यात मोठा फटका कंब्रियाला बसला. माझ्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या मेंढ्या धडधाकट होत्या, पण शेजारच्या शेतावर रोग निघाला म्हणून त्याही गेल्या. मी त्याच्या पायाच्या जखमेला चार पदरी पट्टी बांधत होते, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, ताण सारखा ठेवत. मुलगा टेबलावर भरपाईचे कागद लावत म्हणाला, ‘पैसे आलेत, नव्या घेऊ.’

म्हातारा म्हणाला, ‘मेंढ्या मिळतील. हीफ कुठून आणशील?’

हीफ म्हणजे उघड्या डोंगरावरचा कळपाचा आपला तुकडा. कुंपण नाही, खूण नाही. आई तिथे चरते, कोकरू तिच्यामागे शिकतं, पुढे तेही आपल्या कोकराला तिथेच नेतं. बाजारातून आणलेली मेंढी भलतीकडे निघून जाते. तिला रोज वळवून आणायला माणूस लागतो, आणि तो म्हातारा आता उठू शकत नव्हता.

मी तिसऱ्या पदरावर होते. त्याने विचारलं, ‘तुमच्यात काय म्हणतात याला?’ ‘माहीत नाही,’ मी म्हटलं.

‘तुझं बरं आहे मग. तुला हीफच नाही, तर जाणार काय?’

मुलगा ओशाळला, किटली ठेवायला उठला. मी चौथा पदर बांधला, पुढची तारीख सांगितली आणि निघाले.

तुम्ही विचारता ‘कशाला’, तेव्हा मला हे आठवतं आणि मी उगाच तडकते. शब्दाला तिथे काहीच झालं नव्हतं. तो ठणठणीत होता, म्हाताऱ्याच्या तोंडी होता, माझ्या वहीतही होता. मेंढ्या नव्हत्या. मग वहीने वाचवलं काय? तरी मी लिहायची थांबले नाही, आणि मराठी सुचेल तेव्हा समोरच्या पानावर मराठीही लिहिते. तुमच्यासाठी नव्हे.

नवऱ्याच्या मते म्हाताऱ्याने सरळसरळ टोमणा मारला, परकी म्हणून. मला तसं वाटत नाही. निदान रोज नाही वाटत.