आपल्यासारखंच आहे गं

फेब्रुवारीत कॅनबेराचं ऊन असं असतं की टोपी घालूनही टाळू तापते, आणि इथला नॅशनल मल्टिकल्चरल फेस्टिवल नेमका तेव्हाच. शुक्रवार ते रविवार, 3 दिवस सिविकमधले, म्हणजे शहराच्या मध्यभागातले, रस्ते बंद, गरेमा प्लेसच्या आसपास जिकडेतिकडे तंबू आणि धूर. कोविडमध्ये बंद पडला होता, 2023 ला परत सुरू झाला. आत जायला पैसे नाहीत, खायला मात्र लागतात, आणि ते कसे लागतात ते आमच्या कार्डाला विचारा. हे राजधानीचं गाव, त्यामुळे वकिलातींचेही स्टॉल असतात, एरवी सुटाबुटात वावरणारी माणसं ॲप्रन बांधून घामाघूम झालेली बघायला मला जाम आवडतं.

यंदा सासूबाई आल्या होत्या. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं, आणि त्यांना काहीही दाखवा, त्या क्षणभर निरखतात आणि म्हणतात, "आपल्यासारखंच आहे गं." हंगेरीचा लांगोश, म्हणजे भटुराच की, नुसतं वर चीज आणि लसूण. तुर्की बायका बसून गोझलेमे लाटत होत्या, काडीसारखं बारीक लाटणं, तर तिथे ह्या इतका वेळ उभ्या की त्यातल्या एकीने हसून लाटणं पुढे केलं. नवरा म्हणाला चल ना आई, रांग अडलीय.

आणि मग डच लोकांचे पॉफर्चेस. खळगेवाला बिडाचा तवा, त्यात पीठ, काट्याने भराभर उलटायचं, वर लोणी आणि पिठीसाखर. "अगं, हे आप्पेपात्र!" आता यावर काय बोलणार, आहेच ते. पण सासूबाई तिथे थांबणाऱ्यातल्या नाहीत. वेंगुर्ल्याला डच वखार आहे ना, सतराव्या शतकातली, पडकी, लहानपणी ह्या तिच्या आसपास खेळायच्या आणि आत जाऊ नका साप आहेत म्हणून मोठी माणसं ओरडायची. "मग तिथूनच नेलं असणार त्यांनी." पुरावा? छे, पुरावा कशाला लागतो, इतकी वर्षं वखारीत बसून काय नुसतं कापड आणि मिरी मोजत होते का.

इथिओपियाच्या स्टॉलवर मात्र त्या एकदम गप्प झाल्या. इन्जेरा, आंबवलेल्या टेफच्या पिठाचा, एकाच बाजूने भाजलेला, वर सगळी जाळी. तुकडा मोडून वास घेतला. मग बोलायला लागल्या त्या थांबेचनात, त्यांची आई चुलीवर आंबोळ्या घालायची, तव्याला तेल लावायला नारळाची शेंडी, पहिली आंबोळी नेहमी बिघडायची आणि ती नेहमी ह्यांनाच मिळायची कारण ह्या धाकट्या, आणि आठ जणांचं होईपर्यंत आई स्वतः कधी जेवायची हे कोणी बघितलंच नाही. हे सगळं भर उन्हात, शेजारी कुठलातरी ब्रास बँड कर्कश वाजतोय, आणि स्टॉलवरच्या बाईला मराठीचं अक्षर कळत नाही तरी ती मान डोलावतेय. मी कोल्हापूरची, आंबोळी मला लग्नानंतर कळली, त्यामुळे मी फक्त छत्री धरून उभी.

नंतर आपल्या मंडळींच्या स्टॉलवर थोडा वेळ मदतीला गेलो. पुरणपोळ्या गरम करून तुपासकट द्यायच्या. एक गोरे आजोबा आले, घास घेतला, खूश झाले आणि म्हणाले, वा, हे तर गोड केसाडियासारखं.

केसाडिया! ती मेक्सिकोची, चीज घालून दुमडलेली पोळी! माझं डोकंच सणकलं. अहो, डाळ शिजवा, कट काढा, पुरण वाटा, वेलची जायफळ घाला, ती फुटू न देता लाटा, आणि केसाडिया? सासूबाईंना मी सांगायला नको होतं पण सांगितलं. सकाळपासून निम्मं जग ज्यांनी आपल्या स्वयंपाकघरात ओढून आणलं होतं त्या भलत्याच दुखावल्या. "त्यांना काय कळतंय," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "कसं असतं गं ते?"

म्हणून मेक्सिकोचा स्टॉल शोधला. एक घास खाल्ला, नीट चावला.

"ह्यात पुरण कुठाय?"

तेवढ्यात लेकाला काठीवरचा गोल गोल बटाटा हवा झाला, तो कुठल्या देशाचा ते कोणी विचारलं नाही, आणि रांग एवढी होती की नवऱ्याला तिथे उभा करून आम्ही दोघी सावलीत जाऊन बसलो.