तुमचा कितव्या नंबरचा?

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवायला जाऊ नये. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्याचं बालपण गेलं, त्याला ‘तुझी टीम कुठली’ असं कुणी विचारत नाही. ‘कुठल्या पेठेतला’ एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. त्यामुळे ताईनं जेव्हा न्यू जर्सीहून फोनवर सांगितलं, “दिवाळीला येतोयस तर एक फुटबॉलची मॅच पण बघून जा,” तेव्हा मी जरा वरच्या पट्टीतच म्हटलं, बघूया यांचं काय आहे ते.

त्यांचं जे आहे त्यात पायाचा संबंध पळण्यापुरता. चेंडू हातात, आकार नारळासारखा, आणि तो नारळ ज्याच्या हातात त्याच्यावर बाकीच्यांनी पडायचं. असो. नावावर भांडायला मी तिथं गेलो नव्हतो.

भाची विल्यम्स कॉलेजात शिकत होती. मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या ओंजळीत ठेवल्यासारखं विल्यम्सटाउन नावाचं गाव आहे. कॉलेज १७९३ सालचं, विद्यार्थी सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. आमच्याकडं एवढी पोरं एका ज्युनिअर कॉलेजच्या कॅन्टीनबाहेर उभी असतात. भाची फुटबॉल खेळत नव्हती. ती कॉलेजच्या बँडमध्ये झांजा वाजवायची. हे ऐकून मला जो आनंद झाला तो तिला शेवटपर्यंत समजावून सांगता आला नाही. अमेरिकेत जन्मलेली पोरगी, हजार वाद्यं सोडून तिनं झांज उचलावी! रक्तात काहीतरी उतरत असणार.

“मामा, जांभळं काहीतरी घालून ये,” असा तिचा हुकूम होता. कॉलेजचा रंग जांभळा, बोधचिन्ह तर चक्क जांभळी गाय. भाऊजींचा जांभळा स्वेटर अंगात चढवून मी गेलो आणि मैदानाशी पोचल्यावर कळलं की समोरच्या ॲम्हर्स्ट कॉलेजचा रंगही जांभळाच. अर्धं मैदान जांभळं आणि उरलेलं अर्धंही जांभळंच. आता शत्रू ओळखायचा कसा?

भाऊजींनी मग इतिहास सांगितला, आणि तो ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. १८२१ साली या विल्यम्स कॉलेजचाच अध्यक्ष, झेफनाया स्विफ्ट मूर, काही विद्यार्थी बरोबर घेऊन बाहेर पडला आणि डोंगरापलीकडं ॲम्हर्स्टमध्ये नव्या कॉलेजचा पहिला अध्यक्ष झाला. जाताना त्यानं ग्रंथालयातली पुस्तकंही पळवली, असं विल्यम्सवाले सांगतात. ही दंतकथा, पण दोनशे वर्षं ती जिवंत ठेवायला लागणारी खुन्नस मात्र खरी. १८५९ मध्ये या दोघांत बेसबॉलचा सामना झाला, अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन. तो ॲम्हर्स्टनं ७३-३२ असा जिंकला. १८८४ पासून फुटबॉल. म्हणजे ही सरळसरळ भाऊबंदकी. सातारा आणि करवीर अशा दोन गाद्या झाल्यावर रंग एकच राहायचा, यात नवल ते काय?

आणि भाऊबंदकी म्हटलं की मोजणी आलीच. या खेळात दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात. सरकलात की पुन्हा चार, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. नक्की किती सरकलं याचा वाद पडला की मैदानाच्या कडेनं माणसं दोन काठ्या आणि मध्ये दहा यार्डांची साखळी घेऊन धावत येतात, काठी रोवतात, साखळी ताणतात आणि सगळं मैदान श्वास रोखून बघतं. भूमापन कार्यालयाची मोजणी ज्यानं बघितली आहे, बांध चार बोटं इकडं की तिकडं यावर दोन चुलत्यांची तोंडं बघितली आहेत, त्याला हा खेळ यापलीकडं समजावून सांगायची गरज नाही.

सामना दुपारी होता, पण लोक सकाळपासून आले होते. गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, घडीची टेबलं मांडलेली, शेगडीवर काहीतरी चरचरतंय, मोठ्या भांड्यात राजम्यासारखी तिखट म्हणवली जाणारी चिली, सफरचंदाचा गरम रस. ताईनं दिवाळीचा डबा काढला. एका गृहस्थानं चकली उचलून सरळ चिलीत बुडवली, डोळे मिटून खाल्ली आणि मला कृती विचारली. भाजणीला इंग्रजी शब्द शोधता शोधता मी घामाघूम झालो, ते सुद्धा नोव्हेंबरच्या त्या थंडीत.

प्रत्येक टेबलाशी एकच प्रश्न यायचा. तुमचा कितव्या नंबरचा? कुणाच्या आईनं मुलाच्या नंबरचा जर्सी घातलेला, कुणाच्या आजोबांनी नातवाच्या फोटोचा बिल्ला छातीवर लावलेला. लग्नाच्या मांडवात ‘तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे’ विचारतात ना, तसंच. तोपर्यंत माझी कल्पना अशी, की अमेरिकन कॉलेज फुटबॉल म्हणजे भाऊजी टीव्हीवर बघतात ते मिशिगनचं मैदान, एक लाख सात हजार आसनांचं, जिथं खेळणारी पोरं टीव्हीवरच्या ताऱ्यांसारखी. इथं तसलं काही नव्हतं. हा तिसऱ्या श्रेणीचा फुटबॉल, त्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. काल प्रयोगशाळेत उशिरापर्यंत बसलेला मुलगा आज शिरस्त्राण चढवून उतरतो. बघायला येतात ती बहुतेक त्याच्या नात्यातली, वर्गातली, नाहीतर त्याच मैदानावर कधीकाळी पडलेली माणसं. परका प्रेक्षक मी एकटाच. “आमची झांजेवाली आहे,” असं मी सांगायचो. ते कौतुकानं मान हलवायचे, पण माझ्याकडं नंबर नाही याचं मला वाईट वाटायला लागलं.

एक नंबर तसा होता, तो सकाळीच सापडला होता. भाऊजी आम्हाला कॉलेजच्या मिशन पार्कात घेऊन गेले. तिथं संगमरवरी खांबावर पृथ्वीचा गोल ठेवलेलं, १८६७ सालचं एक स्मारक आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये या कॉलेजातली पाच पोरं वादळात सापडली, गवताच्या गंजीआड बसली, आणि तिथं प्रार्थना करताना आशियात मिशनरी पाठवायचं त्यांच्या डोक्यात आलं. त्यातूनच १८१० मध्ये अमेरिकन मिशन मंडळ निघालं. मंडळाचे जे दोघे १८१३ साली मुंबईत उतरले त्यातला एक गॉर्डन हॉल, याच कॉलेजचा, १८०८ च्या बॅचचा. तो मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीनं गेला. त्याच्या मिशनच्या छापखान्यात पुढं टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांचे सुबक खिळे पाडले, तिथंच लहानपणी जावजी दादाजी कामाला होते, आणि याच जावजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. आमच्या देवघरातल्या पोथ्या निर्णयसागरच्या. आजी त्यांना हात लावण्याआधी हात धुवायची. ती ज्या वळणाची अक्षरं वाचायची त्याचा उगम गवताच्या गंजीशी आहे, हे तिला सांगितलं असतं तर तिनं मला आंघोळ करून यायला लावलं असतं.

पायऱ्यांवर माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या. अंगात बासष्ट नंबरचा जर्सी, मांडीवर घोंगडी. त्यातली अर्धी त्यांनी न विचारता माझ्या गुडघ्यांवर टाकली. पहिली वीस मिनिटं मी नारळामागं डोळे पळवले आणि प्रत्येक वेळी चुकलो. सगळे उठून ओरडायचे तेव्हा मी भलतीकडंच बघत असायचो. त्या म्हणाल्या, “चेंडू बघू नका. बासष्ट बघा.”

बासष्टच्या हातात चेंडू कधी येत नाही. फेकलेला चेंडू झेलायचीही त्याला मुभा नाही. त्याचं काम एवढंच की समोरच्या तेवढ्याच धिप्पाड गड्याला छातीनं अडवून धरायचं, मागचा मोकळा होईपर्यंत. चार-पाच सेकंद, की पुन्हा खाली वाकून उभं राहायचं, की पुन्हा चार-पाच सेकंद. दहीहंडीच्या खालच्या थराला जे असतात ते हेच. फोटो वरच्याचा येतो. मी बासष्टवर नजर ठेवली आणि हळूहळू खेळ दिसायला लागला. तो डावीकडं सरकला की चेंडू उजवीकडून जाणार, तो मागं रेटला गेला की सगळंच कोसळणार. एकदा मागून विल्यम्सच्या एका पोरानं त्या फटीतून मुसंडी मारली आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडं गेला. सगळे त्याच्या अंगावर उड्या मारत होते. बासष्ट लांब, गुडघ्यावर हात टेकून उभा. त्याच्या आईनं टाळ्या त्या दिशेला वाजवल्या.

मध्यंतरात बँड मैदानात आला. रांग म्हणावी तर रांग नव्हती, लष्करी शिस्तीची तर टिंगलच चालली होती; पण भाचीनं झांज जी मारली ती डोंगरापर्यंत गेली. मी उठून शिट्टी घातली. शाहू स्टेडियमची शिट्टी, दोन बोटं तोंडात घालून. बासष्टच्या आईनं दचकून बघितलं आणि मग विचारलं, “आता तरी सांगा, तुमचा कितव्या नंबरचा?”

“एक हजार आठशे आठ,” मी म्हटलं, आणि गॉर्डन हॉलची सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “खेळायचा का तो?”

भाचीनं मला एका मिरवणुकीचं आमिष दाखवलं होतं. या मोठ्या सामन्यात विल्यम्स जिंकलं, तर सगळा संघ अंगावरच्या घामेजल्या जर्सीसकट गाणी म्हणत स्प्रिंग स्ट्रीटच्या चढावरून चालत जातो, बुटांचे खिळे रस्त्यावर कडकडतात, आणि मिरवणूक संपते ती देवळात किंवा सभागृहात नव्हे, तर सेंट पियर यांच्या न्हाव्याच्या दुकानात. तिथं सिगार ओढतात आणि डोकी भादरून घेतात. १९७१ पासून चालत आलंय. न्हाव्याच्या दुकानाला एवढा मान देणारं गाव जगात दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. गावातल्या सगळ्या बातम्या जिथं आधी पोचतात, विजयही तिथंच पोचवायला हवा.

पण आम्ही हरलो. ‘आम्ही’ म्हणायला मी कधी लागलो ते कळलं नाही. शेवटच्या वेळी साखळी आली, ताणली गेली, आणि चेंडूचं टोक काठीच्या इतकुसं अलीकडं राहिलं. पलीकडच्या जांभळ्यांनी आरोळी ठोकली.

“मग मिरवणूक?” मी भाचीला विचारलं.

“मामा, जिंकलं तरच असते.” तिनं झांजा पिशवीत भरल्या.

साडेचारलाच अंधारायला लागलं होतं. माणसं कुंपणातून आत मैदानावर उतरली, जो तो आपापला नंबर शोधत. बासष्ट गवतावर बसला होता. ते गवत खोटं, खाली रबराचे काळे दाणे अंथरलेले. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, हा हंगामातला शेवटचा सामना. आमच्या तालमीतले म्हातारे अजून रविवारी पोटं सावरत अर्धा तास चेंडू लाथाडतात. या खेळाला तशी म्हातारपणची आवृत्ती नाही. बावीस माणसं आणि चिलखतं जमवून कोण कुणाच्या अंगावर पडणार? हे त्याला ठाऊक असावं, कारण तो बुटाच्या नाड्या फारच सावकाश सोडत होता.

मी चकल्यांचा डबा पुढं केला. त्यानं दोन उचलल्या, “थँक्यू सर” म्हणाला, आणि एक न बोलता आईला दिली. आईनं ती दातात धरून त्याचा एक बूट उलटा केला. मूठभर काळे दाणे सांडले. दुसरा बूट तिनं हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि न झटकता पिशवीत टाकला.