साडेपाच तास

दुपारचे तीन. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि नुकत्याच चालू केलेल्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात रात्रीचे साडेआठ. वायफाय जोडलं गेलं की ते साडेआठ मुकाट्याने तीन होतात. चोरून लाडू खाल्लेल्या पोराने तोंड पुसावं तसे.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी नांदवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. बोभाटा मात्र पलीकडून होतो. लिनक्सवर अर्धा तास काम करून विंडोजमध्ये जावं, तर तिथे सकाळचे दहा. मग ठरलेलं वाक्य येतं: 'लिनक्स टाकलं आणि घड्याळ बिघडलं.'

बिघडलेलं काहीच नसतं. मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य पाटीवर, एक छोटं घड्याळ असतं. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक, आणि लॅपटॉप बंद असताना त्याला जागं ठेवणारा ३ व्होल्टचा बटण सेल. हे घड्याळ आकडे मोजतं, पण ते कुठल्या गावचे हे त्याला ठाऊक नसतं. विंडोज त्यात भारतीय वेळ लिहिते. डॉसच्या काळापासूनची खोड. लिनक्स तेच आकडे जागतिक वेळ (यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजून वाचतं आणि त्यात साडेपाच तास मिळवतं. पुढे नेटवरून खरी वेळ कळली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती दर अकरा मिनिटांनी खालच्या, मदरबोर्डवरच्या घड्याळात उतरवत राहतो, अर्थातच जागतिक वेळ म्हणून. बाराही नाही, दहाही नाही, अकरा. एका वहीत दोघे भाडेकरू हिशेब लिहितात. एकाचे रुपये, दुसऱ्याचे पैसे.

आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायची पद्धत आहे. स्वयंपाकघरातून 'सव्वासात झाले!' अशी आरोळी यायची, आणि घरातली पोरं मनातल्या मनात दहा वजा करून पुन्हा पांघरुणात शिरायची. वडिलांचं मनगटी घड्याळ मात्र रेडिओवरच्या ठोक्यांना लावलेलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. दोन्ही घड्याळं आपापल्या जागी बरोबर. फसायचा तो पाहुणा. भिंतीकडे बघून तो अर्धा चहा टाकून एसटी गाठायला धावायचा.

तर, पाहुण्याला, म्हणजे इथे लिनक्सला, सांगून ठेवायचं. लिनक्समध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'टाइमडेटसीटीएल' असं नुसतं लिहिलं की सात ओळी येतात. त्यातली तिसरी, आरटीसीची ओळ, म्हणजे खालच्या घड्याळातले आकडे. शेवटची ओळ सांगते की लिनक्स त्यांना स्थानिक समजतंय की नाही. त्याच आज्ञेपुढे 'सेट-लोकल-आरटीसी' आणि १ लिहिलं की लिनक्स विंडोजची रीत पाळायला लागतं. १ च्या जागी ० लिहिलं की पुन्हा आपल्या वळणावर. इटीसी फोल्डरमधल्या 'अ‍ॅडजटाइम' नावाच्या तीन ओळींच्या फाइलीत तिसरी ओळ 'यूटीसी'ची 'लोकल' होते, इतकाच फरक. आज्ञा विसरून ती फाइल उघडून बघण्यात जी मजा आहे ती आज्ञा पाठ असणाऱ्यांना कळायची नाही.

असं केलं की लिनक्स थोडी कुरकुर करतं. ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही, काही देशांत करतात तशी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करताना घोळ होतील, आणि खालचं घड्याळ आता आपण दुरुस्त करणार नाही, असं बजावतं. उन्हाळ्याची भीती भारतात गैरलागू. तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून उलटा उपाय जास्त नीटनेटका: विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या वहीत, 'टाइमझोनइन्फर्मेशन'खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड (आकड्याची) नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. नावात एकही जागा सोडायची नाही.

दोन्ही उपाय एकदम केले तर? लोक करतात. दोन वैद्यांच्या पुड्या एकत्र घेतल्यासारखं होतं. आता लिनक्सचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, आणि डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार अपडेट करायला गेलं तर एपीटी, म्हणजे त्यांची अपडेट आणणारी आज्ञा, सांगते की सर्व्हरवरची यादी 'अजून वैध झालेली नाही'. उद्याचं वर्तमानपत्र आज हातात पडल्यासारखी ती बावरते.

फरक बरोब्बर साडेपाच तासांचा नसेल, सालच भलतं दिसत असेल, तर यातलं काही करू नये. बटण सेल संपलाय. बहुधा सीआर२०३२ असतो. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन वायरींनी जोडलेला असतो, त्यामुळे उघडण्याआधी मोठी बॅटरी सुटी करावी.

लिनक्स टाकताना नकाशावर मुंबईवर टिचकी मारली तरी खाली 'एशिया/कोलकाता' उमटतं. टिचकी हुकलेली नसते. संगणकाजवळच्या जगभरच्या वेळांच्या यादीत अख्ख्या देशासाठी तेवढं एकच नाव आहे. 'झेडडम्प -व्ही' लिहून पुढे ते नाव दिलं की त्याची सगळी कुंडली बाहेर पडते: आधी कोलकात्याची स्थानिक वेळ, १८७० पासून मद्रासची, जागतिक वेळेच्या पुढे ५ तास २१ मिनिटं १० सेकंद, १९०६ पासून आपले साडेपाच, मध्ये महायुद्धात काही काळ साडेसहासुद्धा. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटांची होती, म्हणजे आजच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ नंतरही कित्येक वर्षं मुंबईकरांनी ती सोडली नव्हती. ती त्या यादीत नाही. १९०० सालच्या मुंबईत किती वाजले होते असं या संगणकाला विचारलं, तर तो मद्रासचे वाजलेले सांगतो.

कोपऱ्यातल्या घड्याळात आता सव्वातीन. बहुतेक.